पाय हलका झाला, गाडी तेवढीच जड: जुन्या इम्पालाचे ब्रेक सुधारताना

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बोलीचा बाज मात्र तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय तसा एका ओळीत मावणारा आहे. जुनी, जड गाडी आहे, तिला पॉवर ब्रेक बसवायचेत, तर काय करावं? उत्तरही लोक एका ओळीतच देतात: "बूस्टर टाका." मला पुढचा तासभर एवढंच सांगायचंय की हे उत्तर अर्धं आहे, आणि ब्रेकच्या बाबतीत अर्धं उत्तर फार महाग पडतं.

उदाहरण म्हणून एकच गाडी घेतो. १९६२ ची शेवरोले इम्पाला. आपल्याकडे "मोठी अमेरिकन गाडी" म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हीच येते, हे एक कारण. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, १९२८ पासून तिथे शेवरोले जोडल्या जायच्या. पण तो १९५४ मध्ये बंद झाला आणि इम्पाला हे नाव आलं १९५८ मध्ये. म्हणजे इथे ज्या इम्पाला दिसतात त्या बाहेरून आलेल्या. दुसरं कारण घरचं आहे. या गाडीच्या ब्रेकनी मला एकदा चांगला धडा शिकवलाय.

माझ्या मामांकडे ही गाडी होती. साधे ब्रेक, चारही चाकांना ड्रम. मामांचं वय झालं, गुडघे कुरकुरायला लागले, आणि ब्रेक दाबताना पाय भरून यायचा. म्हणून एका गॅरेजमधून बूस्टर बसवून घेतला. बाकी सगळं जुनंच. त्या गॅरेजला मी दोष देणार नाही. आम्ही जे मागितलं तेच त्यांनी दिलं. गावात गाडी चालवली तर लोण्यासारखी! पेडलला नुसता अंगठा लावावा आणि गाडी थांबावी. सगळे खूश.

महिनाभराने आम्ही चौघं, डिकीत सामान, पुण्याहून मुंबईला निघालो. जुन्या रस्त्याने. खंडाळा सोडलं, बोरघाट उतरायला लागलो. मी चालवत होतो. गाडी टॉप गिअरमध्ये, पाय पेडलवर हलकाच टेकलेला. हलका, म्हणून मला वाटतच नव्हतं की मी ब्रेक वापरतोय. थोड्या वेळाने वास आला. जळक्या लायनरचा वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला, पेडल घट्ट होतं, पण गाडी ऐकेना. अजून दाबला, तेच. शेवटी कसाबसा गिअर खाली घेतला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी कडेला घेतली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. मामा काही बोलले नाहीत. खाली उतरले, देवळापुढे हात जोडून आले आणि गाडी थंड होईपर्यंत तिथेच दगडावर बसून राहिले.

तिथे बसल्या बसल्या मला पहिल्यांदा प्रश्न पडला. बूस्टरने नक्की काय वाढवलं?

बूस्टर काय करतो

व्हॅक्यूम बूस्टरची कल्पना जुनी आहे. बेल्जियमच्या अल्बेर देवांद्र याने १९२७ च्या सुमारास ती व्यवहारात आणली आणि १९२८ मध्ये अमेरिकेत पिअर्स-अॅरो गाड्यांवर ती दिसू लागली. कल्पना अशी: पेट्रोल इंजिन हवा आत ओढत असतं. थ्रॉटल बंद असला की इनटेक मॅनिफोल्डमध्ये चांगला व्हॅक्यूम तयार होतो, चांगल्या स्थितीतल्या इंजिनात आयडलला पाऱ्याचे साधारण १८ ते २० इंच. ही फुकटची ओढ वापरायची.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक चपटा डबा. मधोमध रबरी पडदा, डायफ्रॅम. पाय पेडलवर नसतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम. पाय ठेवला की एक व्हॉल्व्ह उघडतो आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते. दाबताना बारीक "सुस्स" आवाज येतो ना, तो याचाच. मागून वातावरणाचा दाब, पुढे व्हॅक्यूम, म्हणून पडदा पुढे ढकलला जातो आणि मास्टर सिलिंडरचा रॉड आपल्याबरोबर तोही ढकलतो.

किती जोराने? ९ इंच व्यासाचा पडदा धरा. क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर. पाऱ्याच्या १८ इंचाचा फरक म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ०.६ किलो. गुणाकार केला की अडीचशे किलोच्या आसपास जोर येतो. हा कागदावरचा कमाल आकडा, प्रत्यक्षात थोडा कमीच. पण बघा, अडीचशे किलो, आणि तेही आपल्या पायाला न कळता!

आता नीट लक्ष द्या. हा जोर कुठे लागला? मास्टर सिलिंडरच्या रॉडवर. चाकापाशी काय बदललं? काहीच नाही. तेच ड्रम, तेच लायनर, तेच टायर. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर. साध्या ब्रेकनेही तुम्ही चाकं जाम करू शकत असाल, तर बूस्टर टाकल्यावर थांबायचं अंतर कमी होणार नाही. फक्त पायाला कमी कष्ट पडतील. ज्याच्या गुडघ्यात जोर नाही त्याच्यासाठी ते फार मोलाचं आहे, नाही असं नाही. पण ती सुधारणा माणसाच्या पायाची झाली, गाडीच्या ब्रेकची नाही.

उलट एक गोष्ट आम्ही गमावली होती. साध्या ब्रेकवर घाट उतरताना पाय दुखायला लागतो. तो दुखणारा पाय म्हणजे राखणदार असतो. तो सांगतो, "बाबा, फार वेळ दाबतोयस, गिअर खाली घे." बूस्टरने त्या राखणदाराला झोपवलं.

घाटाचा हिशेब

ब्रेकचं खरं काम म्हणजे गतीची उष्णता करणं आणि ती उष्णता हवेत सोडणं. तेव्हा उष्णतेचा हिशेब करूया.

इम्पालाचं वजन साधारण १,६०० किलो. चार माणसं, सामान, टाकीतलं पेट्रोल धरून २,००० म्हणा. ताशी ८० किलोमीटरवरून ही गाडी पूर्ण थांबवली, तर सुमारे ५ लाख जूल उष्णता तयार होते.

आता घाट. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत आपण साधारण ५०० मीटर खाली येतो. २,००० किलो वजन ५०० मीटर खाली आणायचं, वेग न वाढू देता. ही उष्णता होते ९८ लाख जूल. भागाकार करा: २०. म्हणजे घाट उतरणं हे ८० च्या वेगावरून ओळीने वीस वेळा पूर्ण थांबण्यासारखं आहे. पंधरा मिनिटांत उतरलात तर सरासरी दहा-अकरा किलोवॅट. बादलीत पाणी तापवायचा एक किलोवॅटचा रॉड असतो ना, तसे दहा-अकरा रॉड चार ड्रमच्या आत लावून ठेवल्यासारखं. यातला काही वाटा इंजिन आणि हवा उचलतात. गिअर खाली घेतलात तर इंजिन बराच वाटा उचलतं. आम्ही टॉप गिअरमध्ये होतो, त्यामुळे जवळजवळ सगळं ब्रेकवर पडलं.

या गाडीचे ड्रम ११ इंची आहेत. एकदा-दोनदा जोरात थांबायला ते वाईट नाहीत. पण ड्रम म्हणजे झाकण ठेवलेलं पातेलं. घर्षण आत होतं, वारा बाहेरून लागतो. तापल्यावर ड्रम फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. लायनरची पकडही एका तापमानानंतर घसरते. डिस्कचं उलट आहे. ती उघड्यावर फिरते, तापल्यावर तिची जाडी वाढते ती पॅडच्या दिशेने. पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं तर पहिले एक-दोन ब्रेक पोकळ जातात. डिस्क पाणी झटकून टाकते.

म्हणून "ब्रेक सुधारायचे" याचा पहिला अर्थ उष्णतेला वाट करून देणं असा आहे. बूस्टर त्याच्या नंतर येतो.

आधी दोन सर्किट

पण डिस्कच्याही आधी एक काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

१९६२ च्या इम्पालात मास्टर सिलिंडर एकच खणाचा आहे. एकच पिस्टन, एकच पाइप, तो पुढे फुटून चारही चाकांना जातो. साठ वर्षांपूर्वीचा एखादा होज फुटला, एखाद्या व्हील सिलिंडरचं रबर गेलं, एखादा पाइप गंजून छिद्र पडलं, की पेडल थेट जमिनीला. चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. आणि इथे बूस्टर असेल तर? तो गळक्या पाइपात आणखी जोराने तेल ढकलेल, एवढंच!

कॅडिलॅकने १९६२ मध्येच दोन खणांचा मास्टर सिलिंडर दिला होता. त्याच कंपनीच्या शेवरोलेला तो यायला १९६७ उजाडलं, कारण अमेरिकेत १९६८ पासून कायदाच येत होता. दोन खण, दोन पिस्टन. पुढच्या चाकांचं तेल वेगळं, मागच्यांचं वेगळं. एक बाजू फुटली तर पेडल खाली जाईल, गाडी लांब जाऊन थांबेल, पण थांबेल. पैसे एकाच कामापुरते असतील तर हे काम करा. बूस्टर नंतर.

त्याबरोबर पाइप आणि होज बदलायचेच. जुना रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून सुजलेला असतो. दाबाने तेल आत जातं, पाय काढल्यावर परत येत नाही, एक चाक धरून राहतं. पाइप टोकाला दुहेरी फ्लेअर केलेलेच हवेत. साध्या तांब्याच्या नळीचे तुकडे आणि नळाला लावतात तसले जोड ब्रेकच्या लाइनला चालत नाहीत. आपल्याकडे असे जोड मी डोळ्यांनी पाहिलेत, म्हणून सांगतोय.

डिस्क आणि बूस्टर यांची जोडी का जमते

आता पुढच्या चाकांना डिस्क. शेवरोलेच्या मोठ्या गाड्यांना कंपनीनेच १९६७ पासून पुढच्या डिस्क जादा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. जुन्या गाड्यांसाठी आज तयार किट मिळतात. पुढेच का? कारण ब्रेक लागला की गाडी नाक खाली घालते. दोन टनांची ही गाडी, दोन आसांमधलं अंतर ११९ इंच. चांगला करकचून ब्रेक मारला तर साधारण अडीचशे किलो वजन मागच्या चाकांवरून पुढच्यांवर सरकतं. दोन तृतीयांश भार पुढे येतो. काम तिथे आहे, तर पैसा तिथे घाला. मागचे ड्रम राहू द्या. हँडब्रेकही त्यांच्यावरच चालतो.

पण नुसत्या डिस्क बसवून साध्या पेडलने चालवायला जा, आणि तुम्ही म्हणाल, "अरे, आधीचे ड्रम बरे होते!" हे का होतं ते समजून घ्या.

या ड्रममध्ये एक युक्ती आहे. दोन शू असतात, ते खाली अॅडजस्टरने एकमेकांना जोडलेले. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, तो शू मागच्या शूला ढकलतो, आणि मागचा शू आणखी घट्ट आवळला जातो. म्हणजे फिरणारं चाक स्वतःलाच आवळायला मदत करतं. शंभर वेळा दाराची पाचर आपण अशीच बसवतो: दार जेवढं ढकलावं तेवढी पाचर घट्ट. त्यामुळे ड्रमला तेलाचा दाब कमी पुरतो.

डिस्कमध्ये ही युक्ती नाही. पॅड दोन्ही बाजूंनी सरळ चिमटा घेतात. जेवढं दाबाल तेवढंच मिळेल, फुकटचं काही नाही. म्हणून डिस्कला दाब जवळजवळ दुप्पट लागतो. तो आणायचा कुठून? बूस्टरमधून. बूस्टरची खरी जागा ही आहे.

आकडे मांडतो. साध्या पेडलचं गुणोत्तर ६ धरा. म्हणजे पायाने ३० किलो जोर दिला तर रॉडवर १८०. मास्टर सिलिंडरचा बोअर १ इंच, क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ३६ किलो. ड्रमला चालेल, डिस्कला अपुरा. आता बूस्टरच्या गाडीत पेडलचं गुणोत्तर ४ च्या आसपास ठेवतात. ३० चे झाले १२०, त्यात बूस्टरचे २५०, एकूण ३७०. भागिले ५, म्हणजे ७४. दुप्पट झाला.

यात दोन चुका फार होतात. पहिली, बूस्टर बसवला पण पेडल जुन्याच भोकात जोडलं. जनरल मोटर्सच्या बऱ्याच पेडलला दोन भोकं असतात. वरचं साध्या ब्रेकसाठी, खालचं पॉवर ब्रेकसाठी. वरच्याच भोकात ठेवलं तर गुणोत्तर मोठं राहतं, पेडल लांब जातं आणि ब्रेक फार चटकन झोंबतात. दुसरी चूक, "मोठा मास्टर सिलिंडर म्हणजे जास्त ब्रेक" असं समजून मोठ्या बोअरचा घेतला. उलट आहे! बोअर मोठा तर तेवढ्याच जोराने दाब कमी मिळतो. तो जास्त तेल ढकलतो, म्हणून पेडल उंच आणि घट्ट लागतं, आणि माणूस फसतो. पेडल घट्ट असणं आणि ब्रेक चांगला असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिंगरोबापाशी माझं पेडल दगडासारखं होतं.

पुढचं आणि मागचं जमवणं

पुढे डिस्क, मागे ड्रम असं लग्न लावलं की दोघांचे स्वभाव जुळवावे लागतात. मागच्या ड्रमला आता दुप्पट दाब जातोय, आणि त्यांची स्वतःला आवळण्याची सवय कायम आहे. वर करकचून ब्रेक मारताना मागचा भार हलका होतोय. परिणाम असा की मागची चाकं आधी जाम होतील आणि गाडीची शेपूट पुढे यायला बघेल. म्हणून मागच्या लाइनमध्ये प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो. एका मर्यादेनंतर तो मागचा दाब हळू वाढू देतो. दुसरा मीटरिंग व्हॉल्व्ह. मागच्या शूंना स्प्रिंगवर मात करून ड्रमला टेकायला क्षणभर लागतो, तोवर तो पुढच्या डिस्कना थोपवून धरतो. बऱ्याच किटमध्ये हे दोन्ही एकाच पितळी ठोकळ्यात येतात.

आणि एक छोटी पण जीवघेणी गोष्ट. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, जो लाइनमध्ये थोडा दाब कायम राखून ठेवतो. ड्रममध्ये तो चालतो, कारण शू मागे ओढायला स्प्रिंग असतात. डिस्कला तशा स्प्रिंग नाहीत. तो दाब पॅडना डिस्कवर घासत ठेवेल. दहा किलोमीटरमध्ये चाक हात लावू देणार नाही. म्हणून डिस्क-ड्रमसाठीचाच मास्टर सिलिंडर घ्यायचा. त्यात डिस्कच्या बाजूचा खण मोठाही असतो, कारण पॅड झिजतात तसं कॅलिपरमध्ये तेल जास्त मावत जातं.

बसवताना

बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये छोटा पुशरॉड असतो. त्याची लांबी हा या सगळ्या कामातला सर्वात नाजूक आकडा. रॉड लांब झाला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं. गाडी चालता चालता तेल तापतं, फुगतं, वाट मिळत नाही, आणि ब्रेक आपोआप धरतात. रॉड आखूड झाला तर पेडल आधी मोकळंच खाली जातं. साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट हवी. किटबरोबरच्या कागदात जो आकडा असेल तो पाळा. अंदाजाने वायसर टाकून भागवू नका.

जागेचाही प्रश्न आहे. किट बहुतेक डाव्या स्टीअरिंगच्या गाडीसाठी बनतात. आपल्याकडची गाडी उजव्या स्टीअरिंगची असेल, तर बूस्टर बसतोय का हे आधी पुठ्ठ्याचा गोल कापून बघा. फायरवॉल, स्टीअरिंगचा दांडा, एक्झॉस्ट या सगळ्यांतून जागा काढायची असते. नसेल बसत तर दूर बसवायचा बूस्टर मिळतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर असायचा तसा, पेडलपासून लांब, फक्त तेलाच्या पाइपने जोडलेला. चाकाचंही तसंच. किट घ्यायच्या आधी विचारा, मूळ १४ इंची रिम कॅलिपरवरून जाते का? नंतर कळलं तर चार रिमचा खर्च वाढतो.

ब्रेक ऑइल नवं घाला. डॉट ३ चा उकळबिंदू ताजा असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर किमान १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. हे तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवेला पाण्याची काही कमी नाही. घाटात तेल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांत एकदा तेल बदलणं हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र यांच्यात मिसळायचं नाही.

एअर काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. अमेरिकन पुस्तकात "मागचं उजवं" लिहिलेलं असतं, कारण त्यांचा मास्टर सिलिंडर डावीकडे. तुमचा उजवीकडे असेल तर सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून. जुने ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

तपासणी

बूस्टर चालतोय का हे बघायला उपकरण लागत नाही. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारा, आतला व्हॅक्यूम संपेल. मग पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. नंतर इंजिन बंद करून काही मिनिटांनी पुन्हा दाबा. पहिले एक-दोन वेळा मदत मिळालीच पाहिजे, नाहीतर व्हॅक्यूमच्या नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह गेलाय.

मग मोकळं मैदान. आधी चालायच्या वेगाने, मग २०, मग ४०. पॅड बसवायला ५० वरून १५ वर असे आठ-दहा मध्यम ब्रेक, मध्ये वारा खाऊ देत. शेवटी जोरात ब्रेक मारून बाहेरून कुणाला तरी बघायला सांगा, कुठली चाकं आधी जाम होतात? उत्तर "पुढची" असंच यायला हवं. "मागची" आलं तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

मामांच्या गाडीला आम्ही हे सगळं याच क्रमाने केलं. आधी पाइप, होज, दोन खणांचा मास्टर सिलिंडर. मग पुढच्या डिस्क. मग त्याला जुळणारा बूस्टर. वर्षभर लागलं. त्यानंतर त्याच घाटाने उतरलो, मामा शेजारी. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय बहुतेक वेळ पेडलच्या बाहेर. ब्रेक इतके चांगले झाले होते की वापरावेच लागले नाहीत. शिंगरोबापाशी या वेळीही थांबलो. नाणं टाकायला.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: माझ्या गाडीत पूर्वीच्या मालकाने डिझेल इंजिन टाकलंय. बूस्टर चालेल?

आपल्याकडे पेट्रोलच्या खर्चापायी अनेक मोठ्या गाड्यांना डिझेल इंजिन बसलं, त्यामुळे हा प्रश्न खूप जणांचा आहे. डिझेलला थ्रॉटल नसतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये उपयोगी व्हॅक्यूम नसतो. नळी नुसती मॅनिफोल्डला जोडून काही होणार नाही. व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच असतो. तो चांगला आहे का, नळी गळत नाही ना, हे बघा, आणि गेजने व्हॅक्यूम मोजून मगच बूस्टर घ्या.

प्रश्न: उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायची जुनी सवय आहे आमच्याकडे. पॉवर ब्रेक असताना काय होईल?

ती सवय साध्या ब्रेकवरही वाईट होती, बूस्टरवर तर नकोच. इंजिन बंद म्हणजे नवा व्हॅक्यूम नाही. डब्यात साठलेला दोन-तीन दाबांना पुरेल. मग पेडल अचानक इतकं जड होईल की ब्रेकच गेले असं वाटेल. ते गेलेले नसतात. दोन्ही पायांनी जोर लावला तर लागतात. पण घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. न्यूट्रलमध्ये टाकलंत तर इंजिनाची मदतही गेली, आणि ते ९८ लाख जूल सगळे ब्रेकवर आले.

प्रश्न: ब्रेक बदलले तर गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवताना अडचण येईल का?

२०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणून माझा सल्ला असा, की चासीला वेल्डिंग करायचं नाही, नवं भोक पाडायचं नाही. बोल्टवर बसणारं आणि बोल्टवर निघणारंच किट घ्या. काढलेले ड्रम, मास्टर सिलिंडर तेल लावून, नाव लिहून पेटीत ठेवा. आणि काम सुरू करायच्या आधी आपल्या आरटीओत विचारून घ्या.

प्रश्न: एवढा खर्च जमणार नाही. ड्रमच ठेवले तर?

ठेवा की! चांगल्या स्थितीतले ड्रम आणि शहाणा ड्रायव्हर, ही जोडी वाईट नाही. होज आणि पाइप नवे, दोन खणांचा मास्टर सिलिंडर, ताजं तेल, लेथवर गोल करून घेतलेले ड्रम, चांगले लायनर. या गाडीत शू आपोआप अॅडजस्ट होत नाहीत, ती सोय १९६३ पासून आली. म्हणून दर काही महिन्यांनी हाताने अॅडजस्ट करा. एवढं केलंत तर निम्म्याहून जास्त धोका गेला. आणि घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. याला एक पैसाही लागत नाही.